खान्देशात एफपीव्ही ड्रोन शिकायचाय? आधी बोटं तयार करा, ड्रोन नंतर घ्या

आपल्याकडे ड्रोन म्हटलं की लोकांना दोनच माहीत, एक लग्नात नवरदेवाच्या घोड्यावर घिरट्या घालणारा आणि दुसरा कपाशीवर फवारणी मारणारा. हे दोन्ही जीपीएसवर चालतात, रिमोटच्या काड्या सोडल्या तरी हवेत एका जागी थांबून राहतात. एफपीव्हीचं, म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यूचं काम वेगळं. ड्रोनच्या नाकावर छोटा कॅमेरा असतो, तो जे बघतो ते त्याच क्षणी तुमच्या गॉगलमध्ये दिसतं, आणि बोट जरा हललं की ड्रोन हललाच, मदतीला कोणी नाही, सावरायचं तर तुम्हीच सावरायचं. मजा त्यातच आहे. निंबाच्या फांद्यांमधून निघून विहिरीला वळसा घालून परत बांधाला चिकटून येताना जे वाटतं ते दुसऱ्या कशात नाही. पण पैसे पण त्यातच जातात, कारण बहुतेक पोरं उलट्या टोकाने सुरुवात करतात, इन्स्टावर रील बघितली, थेट पाच इंची, म्हणजे पाच इंची पंख्यांचा मोठा ड्रोन मागवला आणि पहिल्याच रविवारी ढेकळांत घातला, मग तो माळ्यावर जातो आणि शौक तिथेच संपतो.

तर क्रम असा ठेवा भो: आधी रिमोट, मग सिम्युलेटर, मग घरात उडणारा छोटा, आणि मोठा सगळ्यात शेवटी.

रिमोट, म्हणजे ज्याला सगळे रेडिओ म्हणतात, त्याच्यावर कंजुषी करू नका. ड्रोन फुटतील, बदलतील, विकले जातील, रेडिओ मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो आणि बोटांना त्याचीच सवय लागते. रेडिओमास्टर कंपनीचा पॉकेट हा सुरुवातीला पुरेसा आहे, सात-आठ हजारांच्या घरात मिळतो, हात मोठे असतील तर त्याच कंपनीचा बॉक्सर बघा. घेताना एवढंच बघायचं की आत ईएलआरएस २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे ड्रोनशी बोलायची रेडिओ सिस्टीम, आहे का, कारण आजकाल जवळपास सगळे छोटे-मोठे ड्रोन त्याच रिसीव्हरचे मिळतात, आणि दुसरं म्हणजे मोड २ घ्या. मोड २ म्हणजे डाव्या काडीवर थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद कमी-जास्त करणं, आणि नाक डावी-उजवीकडे वळवणं, ज्याला यॉ म्हणतात, आणि उजव्या काडीवर पुढे-मागे झुकणं आणि कुशीवर होणं, म्हणजे पिच आणि रोल. डाव्या काडीला वर-खाली करताना स्प्रिंग नसते, जिथे सोडाल तिथेच राहते, ते बिघडलेलं नाही, तसंच असतं.

आता सिम्युलेटर, थोडक्यात सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रोन उडवायचा खेळ. इथे लोक घाई करतात आणि इथेच सगळं ठरतं. रेडिओला यूएसबी केबल लावून लॅपटॉपला जोडायचा, रेडिओच्या स्क्रीनवर जॉयस्टिक निवडायचं, झालं. लिफ्टऑफ, वेलोसीड्रोन, अनक्रॅश्ड ही नावं लक्षात ठेवा, एफपीव्ही स्कायडाइव्ह नावाचं एक फुकटही आहे. लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड नसेल तर वेलोसीड्रोन घ्या आणि सेटिंग खाली आणा, साध्या मशीनवर पण चालतं. ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याने मित्राचा, नाहीतर कॉलेजच्या होस्टेलवरचा कोणाचा तरी बघावा, पण ही पायरी गाळू नये. मोबाईलच्या स्क्रीनवर अंगठ्याने खेळून हे येत नाही, काड्या त्याच पाहिजेत ज्या उद्या खऱ्या ड्रोनला लावणार.

सिम उघडल्याबरोबर एक निर्णय घ्यायचा आहे, अँगल मोड की ॲक्रो. अँगल मोडमध्ये उजवी काडी सोडली की ड्रोन स्वतः सरळ होतो, बरं वाटतं, पण त्याची सवय लागली की मग ॲक्रोला बोटं सगळं विसरून नव्याने शिकतात. ॲक्रोमध्ये काडी सोडली की ड्रोन ज्या कोनात आहे त्याच कोनात राहतो, पुढे झुकवला तर झुकलेलाच, तुम्ही उलटी काडी देईपर्यंत. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या दिवसापासून ॲक्रो. पहिले दोन-तीन तास जमिनीवरच आपटत राहाल, आपटू द्या, तिथे प्रोपेलर फुकट आहेत.

सराव कसा करायचा तर आधी उलट्या-पालट्या उड्या मारू नका. माणसाच्या उंचीवर ड्रोन ठेवून हळूहळू सरळ जायचं, उंची न बदलता. ऐकायला सोपं आहे, पण थ्रॉटल काय चीज आहे ते याच्यातच कळतं. ड्रोन पुढे झुकला की वर उचलणारी ताकद थोडी कमी होते, म्हणून झुकवताना थ्रॉटल थोडं वाढवायचं, सरळ करताना कमी करायचं, हे दोन्ही हातांचं काम एकाच वेळी झालं पाहिजे. मग वळणं. नुसता यॉ दिला तर ड्रोन नाक वळवून पहिल्याच दिशेला घसरत जातो, सायकल वळवताना नुसतं हँडल नाही तर अंग पण झुकवतो ना, तसं इथे रोल आणि यॉ एकाच वेळी एकाच बाजूला द्यायचे आणि वळणात पिच किंचित मागे ओढून धरायचा. दोन झाडं घ्या, त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, डावीकडून पण आणि उजवीकडून पण, कारण प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते आणि माणूस नकळत ती टाळतो. कॅमेऱ्याचा कोन सुरुवातीला १५-२० अंश ठेवा, रीलवाल्यांसारखा ४० ठेवलात तर ड्रोन आपोआप जोरात पळेल. आणि रेट्स, म्हणजे काडी पूर्ण टोकाला नेली की ड्रोन सेकंदाला किती अंश फिरणार, ते सहाशे-सातशेच्या आसपास ठेवलेले असतात, नवशिक्याने पाचशेच्या खाली आणावेत, मग हात शांत राहतो.

असं किती दिवस? साधारण १५ ते २० तास सिममध्ये गेले की बहुतेकांची बोटं विचार न करता हलायला लागतात. रोज अर्धा तास बसणारा रविवारी चार तास बसणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी आमच्या गावातल्या पोरांमध्ये बघितलंय. झाडाच्या एका ठरलेल्या फांदीखालून सलग दहा वेळा न आपटता गेलात की खऱ्या ड्रोनचं नाव काढा.

पहिला खरा ड्रोन म्हणजे टायनी वूप, तोच घरात उडणारा छोटा. ६५ किंवा ७५ मिलिमीटरचा, चारही पंख्यांभोवती प्लॅस्टिकची गोल कडी, वजन बॅटरीसकट पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास, अंगावर आला तरी टोचणार नाही. एका बॅटरीवर तीन-चार मिनिटं उडतो, म्हणून बॅटऱ्या पाच-सहा तरी घ्या, नाहीतर उडवण्यापेक्षा चार्जिंगकडेच बघत बसाल. गॉगल पण लागेल. बजेट कमी असेल तर ॲनालॉग वूप आणि बॉक्स गॉगल घ्या, चित्र जुन्या टीव्हीसारखं मुंग्या-मुंग्यांचं दिसतं पण उशीर जवळजवळ नसतो आणि बॉक्स गॉगल चष्म्यावरूनही लागतो. पैशाची सोय असेल तर डीजेआय, वॉकस्नेल किंवा एचडीझीरो यापैकी एक डिजिटल सिस्टीम निवडा, पण एक निवडली की त्याच घराण्यात राहावं लागतं, एकाचा गॉगल दुसऱ्याच्या ट्रान्समीटरला चालेलच असं नाही, म्हणून आधी गॉगल ठरवा आणि त्याच्यावरून ड्रोन.

खरेदीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे, सुटे करून किट म्हणून आणलेले पण त्यात येतात. ड्रोनचे भाग आणायला मात्र बंदी नाही. म्हणून बाहेरच्या साइटवरून अख्खा ड्रोन मागवून तो कस्टममध्ये अडकवून घेऊ नका, आपल्या देशातल्या हॉबी दुकानांकडून पक्क्या बिलावर घ्या किंवा भाग घेऊन जोडा. लिथियम बॅटऱ्या बहुतेक वेळा विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात, शिरपूर-तळोद्यापर्यंत यायला वेळ लागतो, त्या आधी मागवून ठेवा.

वूप घरात उडवायला आपली घरं छान आहेत. जुन्या धाब्याच्या घराचे खांब, ओसरी, मधली दारं, दिवाणाखालची फट, हा सगळा ट्रॅकच आहे. पंखा बंद करा, छताचा आणि टेबलाचा दोन्ही. देवघरातला दिवा, गॅस, लहान लेकरू, मोकळे केस यांच्यापासून लांब. आई-वहिनींना आधी सांगून उडवा, कारण स्वयंपाकघरातून हा घूं घूं करत गेला तर घरातून परवानगी कायमची जाते. घरच्या घरी दोन आठवडे उडवलं की खुर्चीच्या पायांमधून आरपार जायला लागाल, आणि तिथून तुम्हाला मोठ्या ड्रोनवर पण अचूकपणा मिळतो. बाहेर मात्र वाऱ्यात वूप नेऊ नका, तो पतंगाच्या कागदासारखा वाहून जातो. आठवड्यातून एकदा मोटरच्या दांड्याला गुंडाळलेले केस आणि कापसाचे धागे चिमट्याने काढा, आपल्या घरात हे दोन्ही भरपूर.

कापसावरून आता बॅटरीवर येतो, आणि हा भाग घाईने वाचू नका.

लायपो, म्हणजे ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, वूपच्या एचव्ही (हाय व्होल्टेज) लिहिलेल्या सेलला ४.३५ चालतं, सांभाळून ठेवायची तर ३.८. उडवताना मोठ्या ड्रोनला सेलमागे ३.५ दिसलं की उतरा, वूपला ३.३ च्या खाली नेऊ नका. चार्जरवर सेलचा प्रकार आणि संख्या चुकीची टाकली तर बॅटरी फुगते, पेट घेते, आणि लायपोची आग चुलीसारखी हळू लागत नाही, एका दमात भडकते. आता विचार करा, दिवाळीनंतर आपल्याकडे निम्म्या घरांत पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस भरून ठेवलेला असतो, आणि प्लगपॉइंट बहुतेक त्याच खोलीत असतो. त्या खोलीत लायपो चार्ज करायची नाही. अजिबात नाही. उघड्या फरशीवर, ओट्यावर, आजूबाजूला पेटण्यासारखं काही नाही अशा जागी, शेजारी वाळूची बादली, आणि तुम्ही समोर बसलेले. रात्री लावून झोपायचं नाही, लावून शेतात जायचं नाही. करंट १ सी ठेवा, म्हणजे १३०० एमएएचच्या बॅटरीला १.३ ॲम्पिअर. नेहमी बॅलन्स चार्ज, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, पांढरी बारीक तारांची पिन लावूनच. फुगलेली बॅटरी परत चार्ज करू नका, कितीही महाग असली तरी.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, गाडीच्या डिक्कीत बॅटऱ्या ठेवून चहाला बसलात तर परत येईपर्यंत त्या फुगलेल्या सापडतील. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ उडवा, बॅटऱ्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, उडवून आल्यावर गरम बॅटरीला लगेच चार्जर लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा. थंडीत उलटं होतं, धुळ्याकडे पारा दहाच्या खाली गेला की बॅटरी सुरुवातीलाच दम तोडते, व्होल्टेज धाडकन खाली दिसतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी ती स्वेटरच्या खिशात ठेवून कोमट ठेवायची. पाऊस आला, बेत रद्द झाला, तर भरलेल्या बॅटऱ्या आठवडाभर तशाच ठेवू नका, चार्जरवर स्टोरेजचं बटण असतं, त्याने ३.८ ला आणा. लोडशेडिंगच्या गावात राहत असाल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा डीसी चार्जर घ्या, इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी कामाला येते.

कायद्याचं पण ऐकून घ्या, हा कंटाळवाणा भाग नाही, पोलीस स्टेशनची पायरी वाचवणारा भाग आहे. ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. वूप नॅनोत बसतो, पाच इंची बॅटरीसकट सहाशे-सातशे ग्रॅम भरतो म्हणून मायक्रोत जातो. नॅनोला आणि शौकासाठी उडवलेल्या मायक्रोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी आणि नंबर, ज्याला यूआयएन म्हणतात, तो डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, ऑनलाइन नोंदणीतून घ्यायचा, आणि नॅनोच्या वरच्याला थर्ड पार्टी विमा पण. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा उघडून आपलं शेत हिरव्यात आहे का ते बघा, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. जळगावकरांनी हे खास बघावं, कारण नशिराबादच्या बाजूला विमानतळ आहे आणि शहर त्या १२ किलोमीटरच्या आतच येतं. धुळ्याला गोंदूर आणि तिकडे शिरपूर इथल्या धावपट्ट्यांवरून शिकाऊ विमानं उडतात, त्यांच्या जवळपास नाहीच. भुसावळ आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वेचं यार्ड, धरणांच्या भिंती, या सगळ्यांकडे पाठ करून उडवा. यावल आणि अनेर अभयारण्य, पाटणादेवीचा परिसर, इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचाच नाही. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, त्यांच्या थव्यात ड्रोन घालणं म्हणजे पाहुण्याला दारातून हाकलणं.

आणि गॉगल लावला की तुम्हाला आजूबाजूचं काही दिसत नाही, तर नियम सांगतो की शौकाचा ड्रोन नजरेच्या टप्प्यात राहिला पाहिजे. म्हणून जोडीदार हवाच. तो गॉगल न लावता शेजारी उभा राहतो, आभाळाकडे आणि बांधाकडे बघतो, आणि बोलत राहतो. त्याने कसं बोलायचं ते ठरवून घ्या, "बघ बघ" असं नुसतं ओरडून उपयोग नाही, "डाव्या हाताला घार", "बांधावरून बाई येऊन राहिली, उतर", असं दिशा आणि काय करायचं दोन्ही सांगायचं. टिटवीची घरटी जमिनीवर असतात, ती डोक्यावर येऊन ओरडायला लागली की जागा बदला.

शेत कुठलं निवडायचं, तर याला खान्देशात मोसम आहे. कपाशी उभी असताना विषयच नाही, आणि वेचणी संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात ते सगळ्यात वाईट रान, ड्रोन त्यांच्यात अडकला की प्रोपेलर पण गेला आणि काढताना हात पण ओरबाडले. नुकतं नांगरलेलं रान पण नको, ढेकळं दगडासारखी असतात, कार्बनचा पाय मोडतो. वखरून भुसभुशीत केलेलं किंवा हरभरा काढून सपाट झालेलं रान सगळ्यात चांगलं, फेब्रुवारी ते मे असं रान जागोजागी मिळतं. जून-जुलैत वारा सुटतो, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, तेव्हा घरात वूप उडवा. उडवायच्या आधी रानात एक चक्कर पायी मारा आणि तारा बघा. ११ केव्हीच्या तारा गॉगलमध्ये दिसतच नाहीत, खांब दिसला की दोन खांबांच्या मध्ये तार आहे हे मनात पक्कं धरायचं. तारेवर ड्रोन अडकला तर तो गेला असं समजून वीज कंपनीच्या वायरमनला सांगा, बांबू घेऊन काढायला जाऊ नका.

केळीबद्दल वेगळं सांगतो, कारण रावेर-यावल-चोपड्याकडच्या पोरांना सगळ्यात जास्त मोह तोच होतो, केळीच्या दोन ओळींमधून सुसाट जायचं. दिसतं फार सुंदर, खरंच. पण केळीचं पान आणि खोड म्हणजे पाणीच, आणि आपला व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर येतो, ओला पाला तो सिग्नल पिऊन टाकतो. मोकळ्या रानात जो ड्रोन आरामात अर्धा किलोमीटर जातो तो बागेत शिरल्यावर थोड्याच अंतरात मुंग्या दाखवायला लागतो आणि मग काळा पडदा. त्यातून घड निसवलेले असताना पंखा लागला तर फळाला डाग पडतो, आणि डागी केळीचा भाव काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. ठिबकची नळी पंख्याने कापली जाते. म्हणून कोणाच्या बागेत विचारल्याशिवाय कधी नाही, आणि स्वतःच्या बागेत पण ओळीच्या टोकाशी, तोंड ओळीकडे करून, विहिरीच्या ओट्यावर किंवा ट्रॉलीवर उंच उभं राहून उडवा. बागेत पडलाच तर गॉगलमधलं शेवटचं रेकॉर्डिंग परत बघा, त्याच्यात दिशा सापडते, आणि रेडिओवरून बीपर, म्हणजे ड्रोनवरचा छोटा भोंगा, वाजवत शोधायला जा. बीपर नसलेला ड्रोन केळीत शोधणं फार अवघड, दोनशे रुपयांची वस्तू आहे, सोल्डर करून घ्या.

गावाशी बोलणं हा पण शिकण्याचाच भाग आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनवरून किती घबराट पसरली होती, लोक काठ्या घेऊन रात्रभर जागत होते, ते सगळ्यांनी ऐकलंय. म्हणून रात्री आणि वस्तीवर उडवायचंच नाही, आणि नव्या गावात पोलीस पाटलांना नाहीतर सरपंचांना आधी सांगून ठेवायचं की आम्ही पोरं सकाळी अमक्याच्या रानात छोटं विमान उडवतो. लोक येतातच, "हाई काय शे भो?" म्हणून विचारतात, त्यांना खुशाल सांगा, म्हाताऱ्या बाबांना गॉगल लावून त्यांचंच शेत वरून दाखवा, पुढच्या वेळी तेच दुसऱ्याला समजावून सांगतील. फक्त पोरांसाठी जमिनीवर काठीने एक रेघ ओढा आणि तिच्या पुढे कोणी नाही, हे कडकपणे पाळा. पाच इंचीचा पंखा बोट हाडापर्यंत कापतो.

आता पाच इंची. वूपवर बाहेर शांत हवेत ॲक्रोमध्ये हवं तिथे जाता-येता यायला लागलं की मगच. काहीजण मध्ये तीन इंचीवर थांबतात, चांगलं करतात. पाच इंची स्वतः जोडा असं मी सांगेन, कारण तो पडणारच आणि दुरुस्ती तुम्हालाच करायची आहे, जवळ कोणी मेकॅनिक नाही. फ्रेम, चार मोटर, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) एकावर एक, रिसीव्हर, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर, अँटेना. सोल्डरिंग आधी मोबाईल रिपेअरवाल्या दादाकडे बसून जुन्या बोर्डवर शिका. बॅटरीच्या जाड तारेला ६० वॅटचं आयर्न आणि फ्लक्स लागतं, टाका चकचकीत आणि गोलसर बसला पाहिजे, भुरकट आणि दाणेदार दिसला तर परत तापवा. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये स्मोक स्टॉपर लावा, कुठे शॉर्ट असेल तर बोर्ड वाचतो. अँटेना लावल्याशिवाय ड्रोनला पॉवर द्यायची नाही, व्हिडिओ ट्रान्समीटर जळतो, आणि जमिनीवर उगीच चालू ठेवायचा नाही, तो वाऱ्यानेच थंड होतो. गॉगलची आणि ड्रोनची अँटेना एकाच जातीची पाहिजे, दोन्ही आरएचसीपी (उजव्या फिरकीची) नाहीतर दोन्ही एलएचसीपी (डाव्या फिरकीची).

मग बीटाफ्लाइट, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर, पंखे काढून. हे लिहून चिकटवा: टेबलावर पंखे नाहीत. मोटर कोणती कोणत्या दिशेला फिरते ते बघा, रेडिओची प्रत्येक काडी बरोबर हलते का बघा, आर्मचा, म्हणजे मोटर चालू करायचा स्विच असा निवडा की जो बोट चुकून लागून दाबला जाणार नाही. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबणं, तपासा. ड्रोन आर्म करा, मोटर फिरू द्या, आता रेडिओ बंद करा. एक-दोन सेकंदात मोटर थांबल्या पाहिजेत. नाही थांबल्या तर तो ड्रोन रानात न्यायचा नाही, आधी ते सोडवा, कारण सिग्नल तुटल्यावर जो ड्रोन फिरतच राहतो तो कोणाच्या अंगावर जाईल ते कोणाच्याच हातात नसतं.

रानात क्रम ठरलेला: आधी रेडिओ चालू, मग बॅटरी जोडायची, ड्रोनच्या मागे चार-पाच पावलं लांब जायचं, जोडीदाराला विचारायचं, तो "मोकळं आहे" म्हणाला की आर्म. उतरल्यावर आधी डिसार्म, मग बॅटरी काढायची, रेडिओ सगळ्यात शेवटी बंद. आपटला की पहिलं काम डिसार्म, मग पायी जायचं, आणि उचलताना समोरून नाही, मागून फ्रेमला धरून.

पहिल्या बॅटरीला करामती करू नका. वर उचला, तीस सेकंद जवळच फिरवा, उतरवा. प्रत्येक मोटरला बोट लावून बघा, आपल्या काळ्या मातीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला आत जाऊन चिकटतात, म्हणून हाताने फिरवून खरखर येते का ते पण ऐका, येत असेल तर चिकटपट्टीचा तुकडा आत घालून कण उचलून काढा. मोटर कोमट लागल्या तर ठीक, पुढचं उड्डाण लांबवा. बोट ठेववत नाही इतक्या गरम असतील तर पंखा वाकलाय का, स्क्रू मोटरच्या तारांना टेकतोय का हे बघा, आणि ते सापडेपर्यंत दुसरी बॅटरी लावू नका.